उसना उजेड

उजेड ही ईश्वराची देणगी आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु देणगी पदरात पडली की तिच्यावर आपला हक्कच आहे, असे मानण्याची सवयही माणसाला तितक्याच सहजतेने जडते. उघड्या उन्हात छायाचित्र काढणाऱ्याला आपण कोणाच्या वाट्याचा उजेड वापरीत आहोत, हा प्रश्न कधी पडत नाही. सूर्य सर्वांचा आणि त्याचे भांडार न सरणारे. मैफलीच्या सभागृहात मात्र ही निश्चिंती संपते. तेथला उजेड मोजका असतो. तो गाणाऱ्यासाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी लावलेला असतो. छायाचित्रकार त्याचा धनी नसतो. तो त्यातला थोडासा उसना घेत असतो. उसने घेतलेले परत करावे, ही घराघरांत शिकवली जाणारी साधी नीती आहे. मग सभागृहातील या उसन्या उजेडाची फेड कशी करावी, आणि त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडावी? प्रश्न लहानसा दिसतो. परंतु त्याचा माग काढीत गेल्यास तो मैफलीच्या दारातून बाहेर पडून थेट आपल्या चर्चच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो, असे आम्हांस वाटते.

आम्ही नांदेड-लातूरकडचे श्रोते. आमच्या या भागाला गाण्याचे वेड जुने आहे. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ नांदेडला फेब्रुवारीत भरणारा ‘संगीत शंकर दरबार’, लातूरच्या दयानंद सभागृहातील कार्यक्रम, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत थंडीच्या दिवसांत रंगणारा लावणी महोत्सव, अशी आमची ठिकाणे. यांपैकी कोठेही आज जाऊन बसले, तर एक दृश्य हटकून दिसते. तंबोरे जुळत असतात, सभागृहातले दिवे मंद होतात, आणि त्या अंधारात शंभर-दोनशे पडदे निळसर उजळून वर येतात. प्रत्येक जण छायाचित्रकार झालेला असतो. मागे बसलेल्या वृद्ध श्रोत्याला गायकाचा चेहरा दिसण्याऐवजी पुढच्या माणसाच्या हातातील गायकाचा चेहरा दिसतो. मधूनच एखादा फ्लॅश लखकन चमकतो. कोणी काही बोलत नाही, कारण मनाई करणारा प्रत्येक जण मघाशी स्वतः तेच करीत होता.

याच कामाची एक जुनी रीत होती आणि तुरळक ठिकाणी ती अजूनही जिवंत आहे. फिल्मच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न लावता, मंचावर जेवढा उजेड असेल तेवढ्यातच मैफल टिपण्याची ती रीत. तिचे कौतुक आम्ही जुन्याच्या ओढीने करीत नाही. त्या रीतीत छायाचित्राची किंमत डोळ्यांसमोर दिसत असे आणि ती कोण चुकवतो हेही दिसत असे. ज्या प्रश्नाचे उत्तर आज धूसर झाले आहे, ते तेथे लख्ख होते, म्हणून तिच्याकडे वळावयाचे.

प्रथम अडचण समजून घेऊ. भर दुपारी मराठवाड्याच्या उन्हात जेवढा उजेड असतो, त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकाही उजेड साधारण सभागृहाच्या मंचावर नसतो. आपला डोळा या फरकाशी काही क्षणांत जुळवून घेतो, म्हणून आपल्याला तो कळत नाही. फिल्मला ही सोय नाही. तिच्यावरील रुपेरी क्षारांना ठराविक प्रमाणात प्रकाश लागतोच. तो मिळवण्याचे मार्ग तीनच: भिंगाचे छिद्र मोठे करावे, शटर अधिक वेळ उघडे ठेवावे, किंवा फिल्म अधिक संवेदनशील घ्यावी. छिद्र मोठे केले की स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद होतो की गायकाचा डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो. शटर एक-तीसांश सेकंद उघडे ठेवले की तबल्यावरची बोटे धुक्यासारखी पुसून जातात. फिल्म वेगवान घेतली की चित्रात दाणे उमटतात. अर्थात, प्रत्येक मार्गाला जकात आहे.

यातून निघण्याचा आणखी एक उपाय छायाचित्रकार करीत. चारशे वेगाच्या फिल्मला ती सोळाशेची आहे असे समजून वापरावयाचे, म्हणजे लागणाऱ्या उजेडाच्या चौथ्या हिश्श्यावर भागवावयाचे आणि नंतर डेव्हलपरमध्ये तिला जास्त वेळ ठेवावयाचे. याला ते ‘पुश करणे’ म्हणत. त्याने चेहऱ्यावरचा, कपाळावरचा, सतारीच्या तारांवरचा उजेड वर येतो. पण काळोखी भाग तसाच राहतो. जे फिल्मवर पडलेच नाही, ते कोणतेही रसायन निर्माण करू शकत नाही. आम्हांला या साध्या रासायनिक सत्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. आजचा फोन अंधारात एकामागून एक अनेक चित्रे घेऊन, त्यांची बेरीज करून, उणे असेल तेथे गणिताने भर घालून, काळोख जणू नव्हताच असे चित्र देतो. फिल्म मात्र निमूटपणे सांगते: एवढे दिसले, यापलीकडचे मला दिसले नाही.

आता फ्लॅश. वरील सर्व अडचणींवर हा रामबाण उपाय वाटतो. प्रारंभी मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. स्फोट होई, धूर पसरे. १९२९-३० च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब बाजारात आले, पुढे विजेचे फ्लॅश आले. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात झगझगीत उजेड पडतो, बोटेही गोठतात, चेहराही गोठतो. पण हा उजेड आणतो कोण आणि सोसतो कोण? गायकाच्या मिटलेल्या डोळ्यांवर तो आदळतो. श्रोत्यांच्या डोळ्यांत त्याचा हिरवा-जांभळा डाग काही काळ तरंगत राहतो. सूर लावण्याच्या ऐन क्षणी सर्वांचे चित्त दुभंगते. गंमत अशी की मागच्या रांगेतून मारलेल्या लहान फ्लॅशचा झोत मंचापर्यंत पोहोचतच नाही. तो पुढच्या रांगांतील डोक्यांवर संपतो. घेणाऱ्याला काही मिळत नाही आणि बाकीच्यांचे मात्र जाते, असा हा व्यवहार.

शुभवर्तमानातील दिवा दिवठणीवर ठेवावयाचा असतो, तो घरातील सर्वांना उजेड मिळावा म्हणून. फ्लॅशचा उजेड नेमका याच्या उलट आहे. तो सर्वांवर पडतो आणि एकाच्याच कामी येतो. उजेड चांगला की वाईट हे त्याच्या प्रखरतेवर ठरत नाही, तो कोणासाठी लावला यावर ठरते.

तथापि, प्रतिपक्षाचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. पं. नाथराव नेरळकर यांचा जन्म १९३५ साली नांदेडला झाला. तेथेच अण्णासाहेब गुंजकरांकडे ते शिकले. पुढे औरंगाबादेत राहून त्यांनी पिढ्या घडवल्या. २०२१ साली ते गेले. आज ज्या मुलाने त्यांना प्रत्यक्ष ऐकले नाही, त्याच्यासाठी ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे यांखेरीज काय उरते? सूर लावताना हात कसा उठे, चेहऱ्यावर काय उमटे, हे ध्वनिमुद्रण सांगू शकत नाही. छायाचित्रकार नसता तर एवढेही उरले नसते. आणि ज्यांच्या वाट्याला छायाचित्रकार आलाच नाही, असे आमच्या जिल्ह्यांतले कितीतरी कीर्तनकार, शाहीर, तमाशातले ढोलकीवाले काळाआड गेले. त्यांच्या घरी भिंतीवर चौकट आहे, पण तीत रेशनकार्डासाठी काढलेल्या फोटोची मोठी केलेली प्रत आहे. सभागृहातील तीनशे श्रोत्यांना क्षणभर त्रास झाला, पण पुढच्या तीन पिढ्यांना एक चेहरा मिळाला, तर हा सौदा वाईट कसा, असे कोणी विचारले तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही.

आमचे उत्तर असे. स्मृती जपणे हे कर्तव्य आहे, हे पूर्ण मान्य. पण कर्तव्य माझे असेल, तर त्याचा खर्चही माझाच असला पाहिजे. मी गरिबाला दान देतो ते शेजाऱ्याच्या खिशातून दिले, तर ते दान राहत नाही. फ्लॅश मारणारा उद्याच्या पिढीला भेट देतो, पण तिचे बिल आजच्या श्रोत्यांना आणि गायकाला पाठवतो, तेही त्यांना न विचारता. सभागृहातील ते तीनशे जण उद्याच्या तीन पिढ्यांसाठी वापरावयाचे साधन नव्हेत. त्यांतल्या एखाद्याने महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून तिकीट घेतले असेल, एखादी बाई घरचे आजारपण दोन तास विसरावयास आली असेल. त्यांची एकाग्रता ही त्यांची मालमत्ता आहे.

फ्लॅश न लावता काम करणारा छायाचित्रकार स्मृतीचे कर्तव्य नाकारीत नाही. तो त्याची किंमत स्वतः मोजतो. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे. त्यांतली पंचवीस हललेली निघणार, हे त्याला ठाऊक असते. दाणे येतील, काळोख राहील, हे त्याने पत्करलेले असते. आरशाच्या कॅमेऱ्याचा खट् असा आवाज आलापीच्या शांततेत बंदुकीसारखा वाजतो, म्हणून तो आलाप चालू असेपर्यंत बोट उचलून ठेवतो. तबला सुरू झाला की त्याच्या ठेक्याच्या आडोशाला शटर दाबतो.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडते. एक-तीसांश सेकंदात हलती गोष्ट टिपावयाची असेल, तर ती जेथे थांबते तो क्षण हेरावा लागतो. झोका वर गेला की परत फिरण्यापूर्वी निमिषभर स्थिर होतो, तसाच गायकाचा हातही. तान वर चढते, हात चढतो आणि समेवर येण्याआधी किंवा सम गाठल्यावर क्षणभर हवेत थांबतो. तो क्षण डोळ्यांना दिसल्यावर बोट दाबले तर उशीर झालेला असतो. तो आधी कळावा लागतो. त्रितालाच्या सोळा मात्रा ज्याच्या अंगात चालू आहेत, तेराव्या मात्रेपासून जो समेची वाट पाहतो आहे, त्यालाच तो कळतो. म्हणजे चांगले चित्र मिळवण्यासाठी छायाचित्रकाराला श्रोता व्हावेच लागते, आणि तेही इतर श्रोत्यांहून अधिक सावध. उजेडाच्या टंचाईनेच त्याला ऐकावयास भाग पाडले. फ्रेंच चिंतक सिमोन वेल हिने अवधानाला औदार्याचा दुर्मीळ आणि निर्मळ प्रकार मानले होते. अंधारात कॅमेरा घेऊन, श्वास धरून बसलेला माणूस हे त्याचे एक उदाहरण म्हणता येईल.

किंमत सभागृहातच संपत नाही. फिल्म धुण्याची रसायने साधारणपणे वीस अंश तापमानाला नीट काम करतात. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि नळाचे पाणीही गरम येते. बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून, थर्मामीटर पाहत, बंद खोलीत घामाघूम होऊन हे काम करावे लागे. शेवटी फिल्म वाहत्या पाण्याखाली धुवावयाची असते. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहरात अर्धा तास नळ सोडून ठेवणे हा छंदाचा नव्हे, नीतीचा प्रश्न होतो. त्यासाठीही रीत आहे: डबी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावयाची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. दोन-तीन तांबे पाण्यात फिल्म स्वच्छ होते. ज्याला किंमत स्वतः मोजावयाची सवय लागली आहे, त्याला असे उपाय सुचतात. ज्याची किंमत दुसरा मोजतो, त्याला टंचाई दिसतच नाही.

परंतु फ्लॅश लावला नाही म्हणजे छायाचित्रकार निर्दोष झाला, असेही नाही. या कलेच्या उगमाशीच याची साक्ष आहे. १९२४ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने ‘एरमानॉक्स’ नावाचा कॅमेरा काढला. त्याचे भिंग तोवरच्या मानाने फारच मोठ्या छिद्राचे असल्यामुळे दिव्यांच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, घरातली चित्रे घेता येऊ लागली. एरिख झालोमोन या जर्मन छायाचित्रकाराने तो हाती घेतला आणि मुत्सद्द्यांच्या परिषदा, मेजवान्या, मैफली यांची सहज भावमुद्रेतील चित्रे जगाला दाखवली. पण त्याचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो १९२८ साली. न्यायालयात छायाचित्रे घेण्यास बंदी असताना टोपीत कॅमेरा लपवून त्याने खटल्याची चित्रे घेतली होती. कोणाचे चित्त विचलित झाले नाही, कोणाच्या डोळ्यांवर उजेड आदळला नाही. तरीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता उचलला गेला. पुढे याच झालोमोनला ज्यू म्हणून आउश्विट्झच्या छळछावणीत नेण्यात आले आणि १९४४ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या थोरवीबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की शांतपणे घेणे आणि विचारून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरपावलांनी येणाराही आवाज करीत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतले. न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांत १९४० च्या दशकाच्या अखेरीस हर्मन लेनर्ड हा तरुण चित्रे घेई. तो चक्क फ्लॅश वापरी. पण मंचावरील दिव्यांच्या शेजारीच आपले दिवे आधी बांधून ठेवी, आणि क्लबच्या मालकांना छायाचित्रे देण्याच्या बोलीवर परवानगी मिळवी. त्याच शहरात रॉय डीकॅरावा हा छायाचित्रकार जसा असेल तसा उजेड घेऊन जॅझच्या वादकांची काळोखी, प्रसंगी हललेली चित्रे काढी. काळोखच त्याच्या चित्रांचा प्राण होता. दोघांच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी दोघांनाही आम्ही दोष देणार नाही. यावरून एवढे ध्यानात येते की फ्लॅश हा अस्पृश्य पदार्थ नव्हे. ज्यांच्या मधे तो लागतो त्यांना विचारले होते काय, आणि घेतल्याच्या बदल्यात त्यांना काही परत मिळाले काय, हे दोन प्रश्न खरे.

परत करण्याचा विचार केला की छायाचित्रकाराच्या हातातील दुसरी सत्ता दिसू लागते. ती निवडीची सत्ता. गाणारा माणूस गाताना सुंदर दिसण्याच्या खटाटोपात नसतो. तानेच्या ओघात जबडा वाकतो, डोळे विस्फारतात, शिरा ताणल्या जातात. ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याच्या कानांत त्या वेळी सूर असतो. चित्रात सूर नसतो, उरतो केवळ वाकडा जबडा. छत्तीस चित्रांच्या पट्टीत अशी चार-दोन असतातच, आणि ती छापली तर लोक हसतात हेही ठाऊक असते. ती न छापणे ही कलावंताला केलेली पहिली परतफेड. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी फिल्मच्या काळापासून सवाई गंधर्व महोत्सवात टिपलेले गायक-वादक दिनदर्शिकांतून घराघरांत गेले. भिंतीवर वर्षभर टांगावे असे चित्र निवडताना त्या माणसाची प्रतिष्ठा जपावीच लागते.

माळेगावच्या यात्रेत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. लावणी सादर करणारी कलावंत बाई मंचावर येते तेव्हा तिच्याकडे पाहण्याचा हक्क प्रेक्षकाने तिकिटाने विकत घेतलेला असतो. तिचा अवमान करण्याचा हक्क त्याने विकत घेतलेला नसतो. पण कॅमेरा नको त्या क्षणाची वाट पाहू शकतो, आणि आजच्या फोनमधून तो क्षण रातोरात गावोगाव फिरू शकतो. त्या बाईला गावाकडे शाळेत जाणारी मुलगी असेल, हे चित्र पाठवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते. संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ या पुस्तकात तमाशातील माणसेच आहेत, पण पाहणाऱ्याला ती आपल्यासारखी कष्टाची माणसे वाटतात. कॅमेरा तोच, मंचही तसाच. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या मनोवृत्तीने.

आतापर्यंत आम्ही मैफलीबद्दल बोललो. वाचकांच्या मनात मात्र एव्हाना आपल्या धर्मग्रामातील लग्ने आणि बाप्तिस्मे येऊन गेले असतील. पास्काच्या जागरणविधीला सगळे चर्च अंधारात असते. एक मेणबत्ती आत येते, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी पेटते आणि उजेड हातोहात मागच्या बाकापर्यंत जातो. या विधीचा सगळा अर्थ त्या अंधारात आणि त्या सावकाशीत साठवलेला आहे. नेमक्या याच वेळी फ्लॅश चमकला तर जो अर्थ टिपावयाचा तोच पुसला जातो. चित्रात उजळलेले चर्च येते, पास्काची रात्र येत नाही. व्हॅटिकनने १९६७ साली ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेबद्दल जी सूचनापत्रिका काढली, तीत छायाचित्रणामुळे मिस्सेत व्यत्यय येऊ नये, सबळ कारण असेल तेव्हाही पूर्ण संयम राखावा, असे बजावले आहे. त्या सूचनेने छायाचित्रे निषिद्ध ठरवली नाहीत. घराघरांत आजीच्या लग्नाचा फोटो जपला जातो, मुलांना तो दाखवला जातो, यात गैर काही नाही. प्रश्न पुन्हा तोच: किंमत कोणाच्या माथी?

आपल्या मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आईबाप वेदीपाशी गर्दी करतात. मूल समोर पाहते तेव्हा त्याला आईचा चेहरा दिसत नाही, तेथे फोन असतो. या चित्राची किंमत त्या मुलाने मोजली. जन्मभर आठवावा अशा क्षणी आई आपल्याकडे पाहत होती, ही आठवण त्याच्या वाट्याची होती. सर्वांच्या वतीने एकाच माणसाने, ठरलेल्या जागेवरून, फ्लॅश न लावता चित्रे घ्यावीत आणि नंतर ती प्रत्येक घराला द्यावीत, अशी साधी व्यवस्था झाली तर कोणाचेही काही जाणार नाही. बाकीच्यांना हात जोडण्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतील.

आम्ही कोणाला फिल्मकडे परत जा म्हणत नाही. एका रोलची आजची किंमत पाहता ते शक्यही नाही. आमच्या देशात उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये ‘इंदू’ नावाची फिल्म बनत असे. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना आता बंद पडला आहे. अंधारासाठी बनवलेली कोडॅकची बत्तीसशे वेगाची फिल्म २०१२ साली बंद झाली आणि मागणीमुळे २०१८ साली पुन्हा निघाली; साधने येतात, जातात, फिरून येतात. पण छत्तीसची मर्यादा, दाणे, काळोख आणि वाट पाहणे यांनी त्या जुन्या छायाचित्रकाराला जी शिस्त लावली, ती साधनाबरोबर जावी असे काही कारण नाही. फोन हाती असलेल्या माणसालाही एका मैफलीत एकच चित्र घ्यावयाचे, असे स्वतःशी ठरवता येते. पडद्याचा उजेड कमी करता येतो. मध्यंतरात गायकाला विचारता येते. घेतलेले चित्र चांगले आले तर त्याच्या घरी पाठवता येते. यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत, थोडी इच्छा मात्र आवरावी लागते.

बाहेरून लादलेली मर्यादा सोसणे ही एक गोष्ट आणि हात मोकळे असताना मर्यादा पाळणे ही दुसरी. फिल्मवर काम करणाऱ्याला छत्तिसाव्या चित्रानंतर थांबावेच लागे. त्यात त्याची थोरवी काही नव्हती. आपल्याला कोणी थांबवणारे नाही. म्हणून आपण थांबलो, तर ते थांबणे सर्वस्वी आपले असेल. अंधाऱ्या सभागृहात शेजारच्या माणसाचा काळोख त्याचा त्याला राहू देणे, ही फार लहान सेवा आहे. तिच्याबद्दल कोणी आभार मानणार नाही, कारण ती कोणाला दिसणारही नाही. दिसेल ते मंचावरच्या त्या मोजक्या उजेडात उठलेला एक हात, आणि तो सगळ्यांना दिसेल.